लाव्हा आपल्याकडे आणि सोनं जपानला, हे असं का?

मागच्या अंकात सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांबद्दल लिहिलं होतं, आत सापडणारे स्टिलबाइट, अपोफिलाइट वगैरे स्फटिक, आणि पत्रं आली ती सगळी सोन्याबद्दल! त्या स्फटिकांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. सध्याचा भाव बघता तुम्हाला बोल लावावा असंही वाटत नाही. तर यावेळी सोनंच घेऊया. काही पत्रं फार लांब होती, ती कापून घेतलीयत, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, आमच्या विहिरीचं काम चालू आहे. पस्तीस फुटांवर सुरुंग उडवला तर आत पोकळी निघाली आणि तिच्यात पिवळसर चकाकणारे खडे. फोटो पाठवतोय. व्हिडिओत बघितलं की जगातल्या कितीतरी सोन्याच्या खाणी ज्वालामुखीच्या खडकात आहेत. आमचा तर अख्खा तालुका लाव्हाचा. मग आपल्याकडे सोनं का नाही? का कुणी नीट शोधलंच नाही? (एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका)

उत्तर : दादा, आधी खड्यांचं सांगते. गवताची पेंढी मधे आवळून बांधल्यावर दिसते तसा आकार, मधासारखा रंग आणि मोत्यासारखी झाक, हे स्टिलबाइट दिसतंय. सोनं नाही, पण अखंड नग निघाला तर त्यालाही गिऱ्हाईक असतं, म्हणून त्या पोकळीत आता सुरुंग नको, पहार आणि छिन्नी घेऊन हळूहळू काढा. तुमच्याच सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, एकदा जाऊन तिथल्या नगांशी ताडून बघा.

आता मूळ प्रश्न. यात एक घोळ असा होतो की ज्वालामुखीतून लाव्हा आला म्हणजे त्याच्याबरोबर सोनंही वाहत आलं, थंड झालं आणि दगडात बसलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. लाव्हात सोनं असतं खरं पण ते टनामागे काही मिलिग्रॅम, म्हणजे सगळीकडच्या खडकांत असतं तेवढंच. टनाला ४ मिलिग्रॅम धरा, तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी अडीच हजार टन काळा दगड भरडायला लागेल. आणि खाण परवडायची तर टनाला निदान एखादा ग्रॅम तरी पाहिजे. म्हणजे कुणीतरी ते सोनं शेकडो पट गोळा करून एका जागी आणून टाकलं पाहिजे, आणि हे काम लाव्हा करत नाही, गरम पाणी करतं. ज्वालामुखी म्हणजे फक्त चूल. चुलीवर पाणी ठेवलं होतं का, किती वेळ ठेवलं होतं, त्या पाण्यात काय होतं आणि ते कुठे उकळलं, सगळं त्याच्यावर असतं.

जपानचं उदाहरण घ्या. क्युशू बेटावर कागोशिमा प्रांतात हिशिकारी नावाची खाण आहे, सुमितोमो कंपनीची. १९८१ मध्ये तिथे बोअर मारले तेव्हा एका बोअरमध्ये १५ सेंटीमीटर जाडीची शीर (भेगेत खनिजं बसून झालेली पट्टी) लागली, तिच्यात टनाला २९० ग्रॅम सोनं! १९८५ पासून खाणकाम सुरू झालं, आतापर्यंत २५० टनांहून जास्त सोनं निघालंय. तुलनेला जपानची जुनी प्रसिद्ध साडो बेटावरची खाण घ्या, तिने जवळजवळ चारशे वर्षांत ७८ टन दिलं. पण मला हिशिकारीचं खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं वाटतं, तिथे अजूनही खाणीत ६५ अंशाचं पाणी लागतं, ते सतत पंपाने उपसायला लागतं आणि ते पाणी शेजारच्या गावातल्या गरम पाण्याच्या स्नानगृहांना देतात. म्हणजे चूल अजून पुरती विझलेली नाही. त्या शिरा साधारण १० लाख वर्षांच्या, भूगर्भशास्त्राच्या हिशोबात कालपरवाच्याच. आणि गंमत बघा, त्यातल्या बऱ्याचशा शिरा ज्वालामुखीच्या खडकात नाहीतच, त्याच्या खालच्या जुन्या शेल (चिखलाचा खडक) आणि वाळूच्या खडकात आहेत. पाण्याला जिथे भेग सापडली तिथे ते गेलं, खडकाची जात बघत बसलं नाही.

आता आपलं दख्खन. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, अजूनही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, घाटमाथ्याला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. लाव्हाला काही तोटा नव्हता. पण जपानच्या खाली समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात घुसतोय, तो आपल्याबरोबर पाणी, क्लोरीन, गंधक घेऊन जातो, त्यामुळे तिथला मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, ओला असतो, आणि तो वर येऊन दोन-पाच किलोमीटर खोलीवर मुक्काम ठोकतो आणि हजारो वर्षं वरच्या पाण्याला शेक देत राहतो. आपला लाव्हा त्या मानाने कोरडा, लांबलांब भेगांतून भसाभसा वर आला, पातळ होता म्हणून चादरीसारखा पसरला आणि बरीचशी उष्णता आकाशाला देऊन मोकळा झाला. मग दुसरी चादर, मग तिसरी. एका जागी मुक्काम करून पाणी तापवत बसणारी चूल अशी मांडलीच गेली नाही. नंतर त्याच्या पोकळ्यांतून पाणी फिरलं, नाही असं नाही, पण ते बेताचं गरम आणि त्यात गंधक जवळजवळ नाही, त्याने खडकातलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम उचललं आणि तुमच्या विहिरीत स्टिलबाइट करून ठेवलं. शोधलं नाही असं नाही हो, शोधणारे दीडशे वर्षांहून जास्त काळ फिरतायत या कातळावर. तरी महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा अजिबात नाहीत असं समजू नका. विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडच्या खडकांत आहेत, पण तो खडक दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना, त्याचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : ताई, शाळेपासून शिकलोय की सोनं कशातच विरघळत नाही, फक्त अम्लराजात (दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळतं. मग साध्या गरम पाण्यातून ते वाहून कसं येईल? आणि आलंच तर एकाच ठिकाणी का थांबेल? (केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : साधं पाणी नाही ना ते! हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी, सडक्या अंड्याच्या वासाचं. २००-३०० अंशाला त्यातले गंधकाचे आयन सोन्याच्या एकेका अणूला दोन्ही बाजूंनी धरतात आणि तो अणू पाण्यातून चालायला लागतो. फार नाही चालत, अगदी चिमूटभर, पण वेळ भरपूर असतो. खोल आणि जास्त गरम, खारट पाण्यात हेच काम क्लोराइड करतं.

किती चिमूटभर ते सांगते. पापुआ न्यू गिनीत लिहिर म्हणून बेट आहे, तिथली खाण लुइसे नावाच्या ज्वालामुखीच्या कोसळलेल्या मुखातच आहे, खडक इतका गरम की आधी त्यातली वाफ आणि गरम पाणी काढायला लागतं, मग खणायचं. तिथल्या एक किलोमीटरहून खोल विहिरींतलं पाणी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले, एका लिटरला १५ मायक्रोग्रॅम सोनं. हिशोब करा, एक तोळा जमवायला साडेसहा लाख लिटरच्या वर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे ६७ टँकर. उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकरची वाट बघणाऱ्याला हा आकडा नीट कळेल. पण तिथे पाणी इतकं फिरतं की वर्षाला २४ किलो सोनं वर येतं, आणि त्या गतीने तिथला सगळा साठा, साधारण १३०० टन, ५५ हजार वर्षांत तयार होऊ शकतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॅल्क्युलेटर काढून पुन्हा हिशोब केला होता. कोट्यवधी वर्षं लागत असतील असंच आम्हाला वाटायचं.

आता थांबतं का, हा खरा मुद्दा. जमिनीत एक किलोमीटर खोल पाण्यावर वरच्या पाण्याचंच इतकं वजन असतं की ते जवळजवळ ३०० अंशापर्यंत उकळत नाही. तेच पाणी भेगेतून वर चढायला लागलं की प्रेशर कमी होत जातं आणि एका ठराविक खोलीला ते एकदम उकळतं. गोटी सोड्याची गोटी दाबली की गॅस कसा भस्सकन बाहेर येतो तसं, पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातात. गंधकाने सोन्याला धरलं होतं, तो गंधकच गेला! मग सोन्याला पाण्यात राहायला आधार नाही, ते तिथेच भिंतीला बसतं. म्हणून या खाणींत सोनं सगळ्या खोलीला सारखं नसतं, शंभर-दोनशे मीटर उंचीच्या पट्ट्यात ठासून असतं आणि त्याच्या वर-खाली शीर असते पण रिकामी. या साठ्यांना एपिथर्मल म्हणतात, वॉल्डेमार लिंडग्रेन या स्वीडनमधून अमेरिकेला गेलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाने दिलेलं नाव.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी याचा निम्मा प्रयोग घरी केलेला आहे. गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात ना, ती का चढतात? पाणी तापलं, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, कॅल्साइट (चुन्याचा क्षार) खाली बसलं. हुबेहूब हेच त्या भेगांत होतं, तिथलं कॅल्साइट पातळ पात्यांसारखं वाढतं, आणि ती पाती दिसली की शोधणारा माणूस हरखतो कारण इथे कधीतरी पाणी उकळलं होतं याचा तो पुरावा. सोनं असेलच असं नाही, पण असायची सोय होती.

पुरावा म्हणशील तर न्यूझीलंडचा. तिथे जमिनीतल्या वाफेवर वीज करतात, १९८० च्या दशकात ओहाकी आणि कावेराऊ इथल्या विहिरींच्या तोंडाशी, जिथे प्रेशर एकदम पडतं तिथल्या पोलादी प्लेटवर जो थर साचला होता तो खरवडून तपासला तर त्यात सोनं काही टक्क्यांपर्यंत! काही टक्के म्हणजे टनाला किलोंमध्ये. खाणवाल्यांचे डोळे पांढरे झाले असतील. पण थर केवढा, तर खरवडण्यापुरता.

माझ्या टेबलावर अशाच एका शिरेचा तुकडा आहे, हातभर अंतरावर, आत्ता लिहिताना बघतेय. तळहाताएवढी कापलेली चकती. कडेपासून मधे मोजत जा : पांढरं क्वार्ट्झ, मग सायीच्या रंगाचं ॲड्युलेरिया नावाचं खनिज, मग पुन्हा पांढरं, मग पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळपट रेघ, मग पुन्हा साय. असे सत्तावीस थर मी मोजलेत. पिवळं कुठेच नाही. जे काय आहे ते त्या काळपट रेघेत, चांदी आणि गंधकाच्या खनिजांबरोबर, दहापट भिंगातून बघितलं तर कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी चमक. जपानी खाणकामगार या रेघेला गिंगुरो म्हणतात, म्हणजे चांदीकाळी. थर का, तर सिलिका बसून बसून भेग बुजते, खाली प्रेशर साठतं, भूकंपाने किंवा त्या प्रेशरनेच भेग पुन्हा फाटते, पाणी पुन्हा उकळतं, पुन्हा नवा थर. पाहुण्यांना दाखवलं की म्हणतात, यात सोनं? आमच्या अंगणातली फरशी याच्यापेक्षा बरी दिसते.

प्रश्न : गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गरम पाणी अधिक गंधक म्हणजे सोनं. तिथे खाली असेल का काही? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : काका, गणित बरोबर मांडलंत पण चूल विसरलात. कोकणातली ही उन्हाळी, पालघर-ठाण्यापासून पार राजापुरापर्यंत, साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, सगळ्यात गरम म्हणजे ७० अंशाच्या आसपास. त्यांच्याखाली मॅग्मा नाही. दख्खनचा लाव्हा कधीच गार झाला, साडेसहा कोटी वर्षं कुठली चूल धगधगत राहते? पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं, खाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५-३० अंशाने वाढतच असतं, तिथे तापून ते दुसऱ्या भेगेने वर येतं. वास यायला गंधक अगदी कणभर पुरतो, आपलं नाक त्या बाबतीत फार तिखट आहे.

खरंच सोनं खाली बसवत असलेलं कुंड बघायचं असेल तर न्यूझीलंडला वायोटापूला जावं लागेल, तिथलं शॅम्पेन पूल. पाणी ७५ अंशाचं, सतत बुडबुडे, आणि काठाला भगव्या-नारिंगी रंगाची कड. तो रंग सोन्याचा नाही बरं, अँटिमनी आणि आर्सेनिकच्या गंधकी खनिजांचा, आणि त्या गाळात सोनं-चांदी असते. आर्सेनिक म्हटल्यावर आंघोळीचा विचार सोडा. आपली वज्रेश्वरी बरी.

प्रश्न : माझे आजोबा कोलारच्या खाणीत होते. तिथला खडकही मूळचा ज्वालामुखीचा असं ऐकलंय. मग कोलारला सोनं आणि दख्खनला नाही, हा दुजाभाव का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दुजाभाव वयाचा आहे. कोलारचा खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राखाली वाहिलेला लाव्हा, नंतर दाबला, तापला, पार बदलून गेला. पण वर जे उकळण्याचं सांगितलं तो प्रकार कोलारचा नाही. तिथे सोनं खूप खोल, कित्येक किलोमीटरवर बसलं. खडकाच्या थरांची दाबादाबी होताना त्यातलं पाणी पिळून निघालं, गंधक आणि सोनं घेऊन मोठ्या भेगांतून वर चढलं, आणि वाटेत लोखंड भरपूर असलेला हा जुना लाव्हा भेटला. त्या लोखंडाने गंधक ओढून घेतला, माक्षिक (लोखंड आणि गंधकाचं खनिज) तयार झालं, सोनं उघडं पडलं. बघा, इथेही गंधकाची साथ सुटली की सोनं बसतं, फक्त गंधकाला पळवणारा वेगळा. वरचा सगळा डोंगर झिजून गेला तेव्हा ते आपल्या हाताला लागलं. दख्खनच्या खडकावर असली दाबादाबी झालेलीच नाही, थर अजून जवळजवळ आडवे आहेत, घाटातून जाताना दिसतात की.

तुमच्या आजोबांच्या वेळची चॅम्पियन रीफ ही खाण ३.२ किलोमीटर खोल गेली होती. या खाणींसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज ओढली होती, तेव्हा कितीतरी मोठ्या शहरांतही विजेचे दिवे नव्हते. एकूण ८०० टनांच्या वर सोनं निघालं आणि २००१ मध्ये कोलारच्या खाणी बंद झाल्या. आता कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण चालू आहे, तिथलाही खडक याच जातीचा. आजोबांच्या काही आठवणी, मजुरीची कार्डं, काही असेल तर जपून ठेवा हो.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या टेकडीत सोनं आहे म्हणून एक जण पैसे गोळा करतोय, दगड दाखवतो, त्यात पिवळे चौकोनी खडे चमकतात. पन्नास हजार मागतोय. नाव छापू नका. (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : नाव छापत नाही, पैसे देऊ नका. पिवळे चौकोनी म्हणजे माक्षिक, लोखंड आणि गंधक, शंभरातले नव्व्याण्णव वेळा. त्याच्याच देखत तपासा. एक खडा वेगळा काढून ऐरणीवर हातोडीने ठोका, माक्षिक असेल तर भुगा होईल, सोनं असेल तर चपटं होईल. किंवा फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा, माक्षिकाची रेघ हिरवट काळी उमटते आणि सोन्याची सोन्यासारखीच, सराफ कसोटीवर बघतो तेच हे. आणि वर सांगितलं ते लक्षात ठेवा, डोळ्यांना दिसणारं सोनं खाणीत फार क्वचित असतं. पेरूमध्ये काहामार्काजवळ यानाकोचाची प्रचंड खाण आहे, १९९३ पासूनची. तिथे ज्वालामुखीच्या आम्लाने खडकातलं बाकीचं सगळं खाऊन टाकलं, स्पंजसारखं सिलिका तेवढं उरलं आणि त्याच्या भोकांत सोनं बसलं, इतकं बारीक की दिसतच नाही. याच काहामार्कात १५३२ साली इंका राजा अताहुआल्पाने स्पॅनिशांच्या कैदेतून सुटकेसाठी एक खोली सोन्याने भरून देतो म्हटलं आणि ते सोनं लांबलांबहून माणसांच्या पाठीवर आणलं, शेजारच्या डोंगरात होतं ते कुणाला दिसायची सोयच नव्हती. तेव्हा टेकडीवाल्याला म्हणावं, चमक नको, लॅबचा रिपोर्ट आण, आणि नमुना मी माझ्या हाताने उचलणार.

प्रश्न : ज्वालामुखी उडतो तेव्हा त्याच्या धुरातून सोनं पण उडतं का? बाबा म्हणतात काहीतरीच विचारते. (इयत्ता नववी, नागपूर)

उत्तर : बाबांना हे वाचून दाखव. अंटार्क्टिकावर माउंट एरेबस नावाचा ज्वालामुखी आहे, त्याच्या मुखात लाव्हाचं तळं सतत खदखदत असतं. १९९१ मध्ये तपासून सांगितलं की त्याच्या गॅसबरोबर दिवसाला सुमारे ८० ग्रॅम सोनं बाहेर पडतं, म्हणजे रोजचे आठ तोळे! आजूबाजूच्या बर्फात त्याचे छोटे छोटे स्फटिक मिळाले, सगळ्यात मोठा केसाच्या जाडीएवढा. आणि त्या ज्वालामुखीपासून हजार किलोमीटर लांबच्या हवेतसुद्धा सोन्याचे कण पकडलेत, नागपूरहून निघून पार जयपूरच्या पुढे जाशील एवढं लांब.